काउन्सेलरकडे पहिल्यांदा जाताय? त्या तासाभरात नेमकं काय होतं?

पहिल्यांदा काउन्सेलरकडे निघाले तेव्हा रिक्षात बसून मी मोबाइलवर मुद्दे लिहून काढले होते. झोप लागत नाही, ऑफिस नकोसं झालंय, बाबांशी बोलणं बंद आहे. समोर बसल्यावर त्यातलं एकही वाक्य धड आठवलं नाही. "कुठून सुरू करू?" एवढंच म्हटलं आणि रडू आलं.

हे अगदी नेहमीचं आहे, हे मला नंतर कळलं. टेबलावर टिश्यूचा डबा ठेवलेला असतो तो उगीच नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं देऊ शकतात. समुपदेशन करणारे मानसशास्त्रज्ञ, म्हणजे काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट, गोळ्या लिहून देत नाहीत. त्यांचं काम बोलण्यातून चालतं. तुम्हाला औषधांची गरज आहे असं वाटलं, तर ते डॉक्टरांकडे पाठवतात. तसं सुचवलं म्हणजे 'आपली केस हाताबाहेर गेली' असं समजू नका.

पहिलं सेशन

सेशन साधारण ४५ मिनिटं ते तासभर चालतं. सिनेमात दाखवतात तसं कोचावर आडवं व्हावं लागत नाही. दोन खुर्च्या असतात, बस्स. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी एक फॉर्म भरून घेतात आणि तुमची संमती घेतात. मग प्रश्न सुरू होतात. काय त्रास होतो, कधीपासून, झोप कशी आहे, भूक लागते का, घरात कोण कोण असतं, दारू-सिगारेट घेता का, आधी कुठे उपचार घेतलेत का. पहिलं सेशन बरंचसं या विचारपूशीतच जातं. त्यामुळे बाहेर पडताना 'यांनी तर काहीच सांगितलं नाही' असं वाटू शकतं.

बोलताना भारी शब्द शोधू नका. 'मला एन्झायटी आहे' म्हणण्यापेक्षा 'रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो' हे समोरच्याला जास्त सांगून जातं. घालमेल, धडधड, जीव नकोसा होणं, कशातच मन न लागणं हे आपले शब्द पुरेसे आहेत. मराठीतच बोलायचं असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच तसं विचारा.

एका प्रश्नाला मात्र बरेच जण दचकतात. "जीव द्यावासा वाटतो का?" हा प्रश्न तुमच्या चेहऱ्याकडे बघून विचारलेला नसतो, तो पहिल्या भेटीतल्या नेहमीच्या विचारपूशीचा भाग असतो. विचारल्याने तसे विचार डोक्यात येतात, ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' असेल तर 'हो' म्हणा. त्यानंतरचं बोलणं तुम्हाला सुरक्षित कसं ठेवायचं यावर होतं.

घरी कळेल का?

वाचकांकडून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. तुम्ही सज्ञान असाल, तर तुम्ही काय बोललात हे आईलाही परस्पर सांगितलं जात नाही. अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने माहिती मागितली असेल, किंवा लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची गोष्ट समोर आली असेल, तर गप्प राहता येत नाही. पोक्सो कायद्यानुसार शोषणाची माहिती पोलिसांना कळवावीच लागते. चांगले समुपदेशक या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगतात. नाही सांगितल्या तर विचारा.

ऑनलाइन सेशनमध्ये अडचण कायद्याची नसते, भिंतींची असते. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने पहिली चार सेशन्स सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरवर बसून केली.

प्रश्न तुम्हीही विचारायचे

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण 'काउन्सेलर' अशी पाटी लावणारा प्रत्येक जण त्या यादीत नसतो. म्हणून मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आहे का, अनुभव किती, फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे कापणार का, हे सरळ विचारा. यात उद्धटपणा काही नाही. फी शहरागणिक बदलते. खासगीत कुठे पाचशे, कुठे दोन हजारांच्या वर. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढून दाखवता येतं, फक्त तिथे गर्दी असते आणि वेळ कमी मिळतो.

माझ्या पहिल्या काउन्सेलरने विसाव्या मिनिटाला "एवढं काय त्यात, प्राणायाम कर" असं सांगून विषय संपवला. मी परत गेले नाही आणि पुढचे सहा महिने कुणाकडेच गेले नाही. चूक ही दुसरी होती. दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर माणूस बदलता येतो, आणि चांगले समुपदेशक स्वतःहून दुसऱ्याचं नाव सुचवतात.

सूर जुळला की खरं काम पुढे सुरू होतं. कुणी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत वापरतं, जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. त्यात घटना, तिच्याबद्दलचा आपला विचार आणि त्यातून आलेली भावना वेगवेगळी करून बघायला शिकवतात. गृहपाठही असतो. मला आठवडाभर बॉसचा फोन आला की मनात पहिलं वाक्य कोणतं येतं, ते लिहून ठेवायला सांगितलं होतं. नोकरी सोड किंवा बाबांची माफी माग, असा सल्ला मात्र एकदाही मिळाला नाही.

अपॉइंटमेंटपर्यंत थांबणं अवघड वाटत असेल, तर केंद्र सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

आणि हो, सेशननंतर लगेच ऑफिसची मीटिंग ठेवू नका. मी एकदा ठेवली होती. अर्धा वेळ कॅमेरा बंद करून बसले होते.