दुमजली कंटेनर गाड्या आणि रेल्वेमार्गाची उंची

प्रास्ताविक

बंदरात उतरलेला माल देशाच्या अंतर्भागात कमी खर्चात पोहोचविणे हा व्यापाराचा जुना प्रश्न आहे. मालगाडी लांब करावयाची तर स्थानकांतील लूप लाइन लांबवाव्या लागतात. गाड्यांची संख्या वाढवावयाची तर आधीच गजबजलेल्या रुळांवर त्यांना जागा मिळत नाही. तिसरा उपाय म्हणजे एका कंटेनरवर दुसरा कंटेनर ठेवणे. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या गाडीतून दुप्पट कंटेनर नेता येतात. तथापि, मार्गावरील शंभर पुलांपैकी नव्व्याण्णव उंच केले, तरी शंभराव्या पुलाखालून ही गाडी जाणार नाही. अशा मार्गाची योग्यता त्यावरील सर्वांत ठेंगण्या अडथळ्यावरून ठरते, ही बाब या विषयाच्या मुळाशी आहे.

उंचीचे गणित

उंच प्रकारच्या कंटेनरची उंची ९ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे २.९ मीटर असते. भारतीय सपाट वॅगनचा तळ रुळापासून सुमारे १ मीटर वर असतो. दोन कंटेनर रचल्यास एकूण उंची ६.८ मीटर होते. नेहमीच्या विद्युत मार्गावर इंजिनाला वीज पुरविणारी तार साधारणतः साडेपाच मीटरवर असते. साहजिकच, भारतात २००६ मध्ये पिपावाव बंदर ते जयपूर अशी दुमजली वाहतूक सुरू झाली, ती तार नसलेल्या मार्गावरून व डिझेल इंजिनाने.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तेथे खोलगट वॅगन वापरतात. कंटेनर दोन्ही टोकांच्या चाकांमधील खोलगट भागात बसतो, त्यामुळे दोन उंच कंटेनर रचूनही एकूण उंची सुमारे ६.१५ मीटरच राहते. तेथील बहुतेक मालमार्गांवर विजेची तार नाही. म्हणून तेथे अडचण येते ती प्रामुख्याने बोगद्यांची व पुलांची.

हार्टलँड मार्गाचा अनुभव

व्हर्जिनियातील नॉरफोक बंदरापासून ओहायोतील कोलंबसकडे जाणारा मार्ग ॲपलाचियन पर्वतातून जातो. या डोंगराळ मार्गावरील बोगदे जुन्या काळातील कमी उंचीच्या गाड्यांसाठी खोदलेले होते. परिणामी दुमजली गाड्यांना मोठा वळसा घ्यावा लागे. नॉरफोक सदर्न कंपनीने संघराज्य व राज्य सरकारांच्या साहाय्याने २००७ ते २०१० या काळात २८ बोगद्यांची उंची वाढविली. सप्टेंबर २०१० मध्ये मार्ग खुला झाला आणि शिकागोपर्यंतचे अंतर २०० मैलांहून अधिक घटले. अठ्ठाविसावा बोगदा पुरा होईपर्यंत आधीच्या सत्तावीस बोगद्यांवरील खर्चाचा दुमजली वाहतुकीला उपयोग नव्हता, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतातील पश्चिम मालवाहतूक मार्ग

भारताने जुना मार्ग उंचावण्याऐवजी नवा, केवळ मालगाड्यांसाठीचा मार्ग बांधावयाचे ठरविले. दिल्लीजवळील दादरीपासून न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतच्या या पश्चिम मार्गाची लांबी सुमारे १,५०६ किलोमीटर आहे. त्यावर गाडीची कमाल उंची ७.१ मीटर धरलेली आहे. पूर्वेकडील मार्गावर ती ५.१ मीटरच आहे. तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असल्याने कंटेनरच्या माथ्यापासून तिचे सुरक्षित अंतर राखावे लागते. म्हणून तारही वर नेणे भाग पडते. जून २०२० मध्ये पश्चिम रेल्वेच्या पालनपूर–बोटाद भागात ७.५७ मीटर उंचीच्या तारेखालून दुमजली गाडी धावली. त्यासाठी इंजिनावर अधिक उंच पोहोचणारा पेंटोग्राफ बसवावा लागला. बंदराला जोडणारे पोटमार्गही उंच असावे लागतात, हे यावरून स्पष्ट होते. हरियाणातील अरवली डोंगरातून या गाड्यांसाठी सुमारे १ किलोमीटरचा बोगदाही खोदण्यात आला.

जानेवारी २०२१ मध्ये रेवाडी–मदार हा ३०६ किलोमीटरचा टप्पा राष्ट्राला अर्पण झाला. वडोदऱ्याजवळील न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा २४४ किलोमीटरचा टप्पा मार्च २०२४ मध्ये पुरा झाला. परंतु वैतरणा ते न्हावा शेवा हा सुमारे १०२ किलोमीटरचा तुकडा २०२५ मध्येही अपूर्ण होता. मुंबईभोवतीची दाट वस्ती व भूसंपादनाच्या अडचणी त्याला कारण झाल्या. या काळात मुंद्रा व पिपावाव या गुजरातच्या बंदरांना दुमजली वाहतुकीचा लाभ मिळत राहिला; ज्या बंदराच्या नावाने मार्ग आखला गेला, त्या बंदरातील माल मात्र एकमजली गाड्यांनीच निघत होता. मार्गाचा सुमारे ९३ टक्के भाग तयार असूनही न्हावा शेव्याच्या दृष्टीने तो अडलेलाच होता.

उंचीनंतर वजन

अडथळे दूर झाले तरी प्रत्येक गाडी दुप्पट माल नेतेच असे नाही. या मार्गावर एका आसावर २५ टन भार चालतो. चार आसांच्या वॅगनचा एकूण भार त्यामुळे १०० टनांवर जाऊ शकत नाही. वॅगनचे स्वतःचे सुमारे २० टन वजा जाता ८० टन उरतात. ३० टनांचे दोन लांब कंटेनर त्यात सहज बसतात. परंतु २४ टनांचे चार आखूड कंटेनर ९६ टन भरतात व बसत नाहीत. म्हणजेच कापड, यंत्रसामग्री अशा तुलनेने हलक्या मालाला ही सोय अधिक लाभते. दगड किंवा धातू यांना कमी.

कंटेनरच ठेंगणे करण्याचा प्रयोगही झाला. २०१८ मध्ये पश्चिम रेल्वेने राजकोटहून ६ फूट ४ इंच उंचीच्या कंटेनरांची दुमजली गाडी नेहमीच्या तारेखालून चालविली. मात्र असे कंटेनर जागतिक जहाजवाहतुकीच्या प्रमाण मापाचे नसल्याने ते मुख्यतः देशांतर्गत मालासाठीच उपयोगी ठरतात.

समारोप

वाणिज्य, भूगोल व पदार्थविज्ञान या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना हे उदाहरण वर्गात घेता येण्यासारखे आहे. रस्ता, कालवा किंवा रेल्वे यांच्या प्रगतीचे आकडे बहुधा पूर्ण झालेल्या किलोमीटरांत सांगितले जातात. विद्यार्थ्यांनी मात्र प्रथम विचारावयास हवे की, उरलेला भाग कोठे आहे आणि त्यामुळे कोणाची वाट अडली आहे.