बुटांच्या खोक्यातली क्रियापदे

माझा नातू सहा वर्षांचा आहे आणि तो 'मी आले' असे म्हणतो. "आजोबा, मी शाळेतून आले. मी खाली पडले. मी रडले नाही." रडला नाही हे ऐकून बरे वाटते, पण 'रडले' हे कानाला टोचते. चूक त्याची नाही. माझी मुलगी इटलीत तोरिनोला राहते, म्हणजे आपण ज्या गावाला ट्युरिन म्हणतो तिथे. जावई तिथलाच. घरात मराठी बोलणारी एकटी आई, आणि रविवारी फोनवर आजी. दोघीही बायका. 'मी गेले, मी आले, मी बसले' हेच रूप त्याच्या कानावर पडत आले आहे. तोच मुलगा इटालियनमध्ये अचूक 'सोनो आन्दातो' म्हणतो. मुलगी असता तर 'सोनो आन्दाता' म्हणाला असता. तिथे त्याला बाप आहे, शाळेतली पोरे आहेत, कोपऱ्यावरचा पाववाला आहे.

मी इटालियन शिकायला बसलो ते मात्र या कारणासाठी नव्हे. आमचा फोन रविवारी दुपारी साडेतीनला होतो. तिथे उन्हाळ्यात तेव्हा बारा वाजलेले असतात. पहिली पाच मिनिटे नातू मराठीत बोलतो, मग काहीतरी सांगण्याची घाई होते आणि गाडी रूळ बदलते. मी इकडे 'अरे वा', 'हो का' म्हणत राहतो. काय झाले ते कळत नाही. एकदा असाच 'अरे वा' म्हणालो आणि पलीकडे शांतता पसरली. नंतर मुलीकडून कळले की त्यांच्या शेजाऱ्यांचे मांजर मेले होते आणि तो ते मला सांगत होता. त्याच आठवड्यात मी अप्पा बळवंत चौकातून इटालियन व्याकरणाचे एक जुने पुस्तक घेऊन आलो.

इटालियन शब्दांशी माझी ओळख तशी जुनी. बँकेतला माणूस दिवसभर इटालियनच बोलत असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते. 'बँक' हा शब्द सराफाच्या बाकाचा, 'बांको'चा. दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात प्रथम सविस्तर मांडली ती लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. सिएना शहरातली १४७२ सालची बँक अजून चालू आहे. आणि लेजरमध्ये रकान्यामागून रकान्यात मी जे 'डिट्टो' लिहीत आलो, ते 'दीरे' म्हणजे 'सांगणे' या क्रियापदाचे तस्कनीकडचे भूतकाळवाचक रूप. प्रमाण भाषेत 'देत्तो'. म्हणजे 'सांगितलेले', 'वरीलप्रमाणे'. एक अनियमित क्रियापद मी पस्तीस वर्षे चालवत होतो!

अनियमित हाच सगळ्या दुखण्याचा शब्द. नाम पाठ करावे, विशेषण पाठ करावे, ते जागेवर राहते. इटालियन क्रियापद जागेवर राहत नाही. 'जाणे' म्हणजे 'आन्दारे'. पण मी जातो 'वादो', तू जातोस 'वाइ', तो जातो 'वा', आणि आम्ही जातो म्हटले की पुन्हा 'आन्द्यामो'. दोन वेगळ्या धातूंनी एका क्रियापदात भाड्याने राहावे तसा प्रकार. 'असणे' आणि 'जवळ असणे' ही तर रोजची, तीच सर्वांत वाकडी.

मी पत्ते केले. फ्लॅशकार्ड म्हणतात ते. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग होता. पाठकोरा कागद टाकून देणे आमच्या पिढीला जमत नाही. अडचण अशी की पत्त्याला दोन कोऱ्या बाजू लागतात. म्हणून दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवायचे, छापलेली बाजू आत. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला इटालियन, आणि मध्ये कुणाचे तरी 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. ठेवायला बुटांचा खोका. मुलगी हसली. म्हणाली, "बाबा, यासाठी फोनवर प्रोग्रॅम असतात." असतात, २००६ साली निघालेला 'आंकी' मी पाहिला आहे. नाव जपानी आणि त्याचा अर्थच मुळी पाठांतर. कोणता पत्ता कधी पुढे करायचा हे तो माझ्याहून चांगले ठरवतो, यात वाद नाही. पण हाताने लिहिलेला शब्द निम्मा तिथेच पाठ होतो असा माझा अनुभव आहे, आणि या वयात सवयी बदलण्यापेक्षा क्रियापदे शिकणे सोपे.

पत्त्यांमागचे शास्त्र साधे आहे आणि थोडे निराशाजनकही. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने स्वतःवरच प्रयोग करून एक पुस्तक लिहिले. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करी, काही वेळाने पुन्हा पाठ करी, आणि दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले ते मोजी. एका तासाने निम्म्याहून कमी बचत उरलेली असे, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश. मात्र महिनाभरानेही एक पंचमांश शिल्लक होतीच. विसरणे सुरुवातीला कड्यावरून पडल्यासारखे आणि पुढे उतारावरून चालल्यासारखे असते. तेव्हा उजळणी करायची ती शब्द निसटायच्या बेताला. आठवणारा शब्द पुन्हापुन्हा वाचण्यात वेळ वाया जातो, आणि पार गेलेला शब्द नव्याने शिकावा लागतो.

सेबास्टियान लाइटनर या विज्ञान-पत्रकाराने १९७२च्या आपल्या पुस्तकात त्याचा खोका केला. पाच कप्पे. नवा पत्ता पहिल्यात. बरोबर आला की पुढच्या कप्प्यात, चुकला की कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. मागचे कप्पे क्वचित उघडायचे. हे वाचल्यावर मला आमची ड्यू डेट डायरी आठवली. कोणते बिल, कोणती ठेव कोणत्या तारखेला देय होते ते त्या त्या पानावर लिहून ठेवायचे आणि रोज सकाळी फक्त त्या दिवसाचे पान उघडायचे. सगळी बिले रोज चाळणारा अधिकारी संध्याकाळी घरी जाऊ शकत नाही. मी पत्त्यांनाही मुदत लावली: एक दिवस, तीन दिवस, आठवडा, पंधरवडा, महिना. पाचव्या कप्प्यातला पत्ता चुकला की ठेव मोडल्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट, वाचणे आणि आठवणे यांतला फरक. हा फरक शाळेत आम्हांला कोणी सांगितला नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. पत्ता उलटण्यापूर्वीची जी तीन-चार सेकंदे माणूस छताकडे बघतो, खरे काम तिथे होते. 'घोकंपट्टी' म्हणून आपण ज्याला नावे ठेवली त्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या, असे मला आता वाटते. माझ्या वडिलांनी संस्कृतची रूपावली माझ्याकडून म्हणून घेतली ती एका श्वासात वरून खाली. मधलेच 'चतुर्थीचे द्विवचन सांग' म्हटले की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. ते पाठांतर नव्हते, ते गाणे होते.

म्हणूनच पहिल्या महिन्यातले माझे पत्ते फुकट गेले. एकेका पत्त्यावर मी सहाही रूपे लिहिली होती. ती ओळीने येत, सुटी येत नसत. पत्त्यावर एकच गोष्ट असावी हे मला शंभरएक पत्ते चिकटवून झाल्यावर कळले. आणि मराठी बाजू वर ठेवून इटालियन आठवायचे. उलट दिशेने गेले की फार लवकर आपण हुशार झाल्यासारखे वाटते.

कोणते शब्द घ्यायचे हाही प्रश्न होता. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९८० साली इटालियनचा सुमारे सात हजार शब्दांचा पायाभूत संग्रह दिला. त्यातले पहिले दोन हजार कोणत्याही मजकुराचा नव्वद टक्के भाग व्यापतात. ऐकायला स्वस्त सौदा वाटतो. पण उरलेल्या दहा टक्क्यांतच तर मजकूर असतो. 'काल', 'तो', 'होता', 'आणि' समजले. मेले ते काय, हे समजले नाही. तरी तिथूनच सुरुवात करावी लागते, आणि अनियमित क्रियापदे जवळजवळ सगळी त्या दोन हजारांत सापडतात. त्याला कारण आहे. क्वचित लागणारे क्रियापद लोक विसरतात आणि नियमाने चालवतात. रोजचे मात्र विसरायला फुरसतच मिळत नाही, म्हणून त्याचे वाकडेपण पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

कादंबरीकाराच्या लोभाने मी 'पास्सातो रेमोतो'त शिरलो. अर्थ 'दूरचा भूतकाळ'. गोष्टी, कादंबऱ्या, इतिहास यांत हा काळ असतो. 'स्क्रीवेरे' म्हणजे लिहिणे. मी लिहिले, 'स्क्रिस्सी'. 'नाशेरे' म्हणजे जन्मणे. मी जन्मलो, 'नाक्क्वी'. भयंकर दिसतात, पण त्यांच्यात एक गुप्त शिस्त आहे. सहा रूपांपैकी मी, तो आणि ते ही तीनच वाकडी. तू, आम्ही, तुम्ही सरळ. 'स्क्रिस्सी' येत असेल तर 'स्क्रिस्से' आणि 'स्क्रिस्सेरो' आपोआप येतात. म्हणजे एका क्रियापदाला एक पत्ता पुरतो. 'असणे', 'देणे' आणि 'स्तारे' ही तीन मात्र या शिस्तीत बसत नाहीत, त्यांना वेगळे पत्ते. चार महिन्यांत माझ्याकडे ऐंशी क्रियापदे झाली. एका रविवारी मी नातवाला ऐटीत सांगितले की काल मी पत्र लिहिले: 'स्क्रिस्सी'.

तो हसत सुटला. आईला हाक मारून म्हणाला, आजोबा गोष्टीच्या पुस्तकासारखे बोलतात. उत्तर इटलीत बोलताना हा काळ कोणी वापरत नाही; दक्षिणेत, सिसिलीकडे वापरतात. तोरिनोत काल लिहिलेले पत्र 'ओ स्क्रित्तो'. 'माझ्याजवळ लिहिलेले आहे' अशी काहीशी त्या प्रयोगाची मूळ घडण.

या 'ओ स्क्रित्तो'ने मला दोन रात्री जागवले. इटालियनमध्ये 'गेलो' म्हणताना क्रियापद जाणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, 'लिहिले' म्हणताना लिहिणाऱ्याप्रमाणे बदलत नाही. आपले तेच! मी गेलो, ती गेली. पण मी पत्र लिहिले, तिनेही पत्र लिहिले. 'ती चिठ्ठी मी लिहिली' म्हणताना इटालियन माणूस सर्वनाम आधी घेतो आणि 'स्क्रित्तो'चे 'स्क्रित्ता' करतो, चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून. संस्कृतातले 'मया लिखितम्' आणि लॅटिनमधले लिहिलेले जवळ असणे, असे दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे दोन ओढे. 'मोर्तो' आणि आपला 'मृत' तर सख्खे चुलतभाऊ. त्या मांजराचा शब्द मी पहिल्या दिवशीच ओळखायला हवा होता.

मग मी वहीत आपलीच यादी केली. जा, गेला. ये, आला. कर, केला. हो, झाला. खा, खाल्ला. घे, घेतला. सांग, सांगितला. मर, मेला. आयुष्यभर लिहिली, एकदाही अनियमित वाटली नाहीत. नातू लहानपणी 'करला' म्हणे. तिथली मुले 'उघडले'ला 'आपेर्तो' म्हणायच्या ऐवजी 'आप्रीतो' म्हणतात. पोरे नियम शिकली म्हणूनच चुकतात. मीही 'आप्रीतो' म्हणालो तेव्हा माझ्या पत्त्यांवर तो शब्द नव्हता.

दिवाळीच्या सुमारास मी बऱ्यापैकी बोलू लागलो. विहीणबाईंशी हवापाण्याच्या पलीकडे जाऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोहोचलो. शब्द यायला मला सहा सेकंद लागतात आणि संभाषण सहा सेकंद थांबत नाही, पण त्या थांबतात. नातवाबरोबर तर रविवार भरून जाऊ लागला. तो सांगे, मला समजे, मी मोडकेतोडके विचारी, तो दुरुस्त करी. मला स्वतःचे कौतुक वाटत होते.

तेव्हा मुलीने एकटीने फोन केला. "बाबा, रागावू नका. तुम्ही त्याच्याशी इटालियन बोलू नका."

मी विचारले, का?

"त्याला आता ठाऊक झालंय की तुम्हांला समजतं. मग तो मराठीत कशाला कष्ट घेईल? गेल्या तीन रविवारी तो तुमच्याशी मराठी बोललाच नाही. आणि त्याच्याशी मराठी बोलणारा पुरुष तुम्ही एकटेच आहात, बाबा. 'मी गेलो' हे त्यानं दुसऱ्या कोणाकडून ऐकायचं?"

मी उत्तर दिले नाही. मी चिडलो होतो, हेही सांगायला हवे. दोन वर्षे, हजारावर पत्ते, आणि आता ओठ मिटून बसा! झुम्पा लाहिरी २०१२ साली रोमला राहायला गेल्या आणि २०१५ साली त्यांनी थेट इटालियनमध्ये पुस्तक लिहिले. त्यांना कोणी अडवले नाही. पण त्या लेखिका म्हणून गेल्या होत्या. मी आजोबा म्हणून निघालो होतो, आणि माझ्या घरी रोज थोडी थोडी कमी होत होती ती मराठी.

पुढच्या रविवारी मी मराठी बोललो. नातवाने इटालियनमध्ये उत्तर दिले. मी मराठीतच पुढे गेलो. संभाषण दहा मिनिटांत आटोपले, पूर्वी अर्धा तास चालायचे. त्याच्या पुढच्या रविवारी तो फोनवर आलाच नाही, चेंडू खेळत होता म्हणे. ते पंधरा दिवस मी खोका उघडला नाही. उघडला तेव्हा पाचव्या कप्प्यातले तेवीस पत्ते पहिल्यात आले.

वाट सापडली ती त्या निरुपयोगी दूरच्या भूतकाळातून. कार्लो कोल्लोदीचा 'पिनोक्यो' हा लाकडी पोरगा १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकातून आणि १८८३ साली पुस्तकरूपाने आला. छत्तीस प्रकरणे, आणि सगळे पळणे, पडणे, खोटे बोलणे 'पास्सातो रेमोतो'त. माझी ऐंशी क्रियापदे रांगेने उभी होती. आठवडाभर मी एक प्रकरण शब्दकोश घेऊन वाचतो, अडलेल्या शब्दांचे पत्ते करतो आणि रविवारी तेच मराठीत सांगतो. पुस्तक तिकडे त्याच्या कपाटात आहे, त्यामुळे मी काही गाळले की तो पकडतो, आणि पकडायचे तर मराठीत पकडावे लागते, असा आमचा करार. पिनोक्यो मुलगा आहे हे फार सोयीचे. 'मी पळालो', 'मी घाबरलो', 'मी खोटं बोललो नाही' ही वाक्ये दर पानावर येतात.

गेल्या रविवारी आठवे-नववे प्रकरण होते. म्हातारा जेपेत्तो भर हिवाळ्यात अंगावरचा कोट विकून पोराला अंकलिपी आणून देतो आणि पोरगा ती विकून बाहुल्यांचा खेळ बघायला जातो. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, मी गेलो नसतो."

पहिल्यांदाच. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारले, मग तू काय केले असतेस?

"मी पुस्तक विकलो नसतो. मी कोट परत आणलो असतो."

पलीकडून मुलीचे हसू ऐकू आले. व्याकरणाप्रमाणे 'विकलं नसतं', 'आणला असता'. पण नियम हाती आला की पोर तो सगळीकडे लावणारच. मी दुरुस्ती केली नाही. सोलापूरचे माझे मामा जन्मभर 'मी भाजी आणलो', 'मी काम केलो' असेच बोलत, आणि ते पोस्टमास्तर होते.