जव, पुदिना आणि बंद तोंडं

जवाचं भरड पीठ पाण्यात कालवलं, वर पुदिना चुरडून टाकला आणि डोळे मिटून प्यायले. घशात कोंडा अडकला. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. हे ‘किकेऑन’. प्राचीन ग्रीसमध्ये एल्युसिसची दीक्षा घेणारे उपासानंतर असंच पेय घेत.

अथेन्सपासून एल्युसिस वीसेक किलोमीटर. साधारण आपल्या भाद्रपद-आश्विनात तिकडे मिरवणूक निघे. त्याआधी दीक्षार्थी समुद्रावर जात, बरोबर एकेक डुकराचं पिल्लू. दोघांची आंघोळ, मग पिल्लाचा बळी. हातातून निसटणाऱ्या, किंचाळणाऱ्या ओल्या पिल्लांचा तो गोंधळ मला सगळ्या विधीत जास्त खरा वाटतो. बाया, गुलाम, सगळ्यांना मुभा. फक्त ग्रीक यायला हवं आणि हात खुनाने माखलेले नसावेत.

लेक पर्सेफोनी पाताळात नेली म्हणून पिकं रोखून धरणाऱ्या डिमीटर आईचं हे ठाणं. तिथल्या खांबांच्या प्रचंड दालनात रात्री पुजारी काहीतरी दाखवी. काय, ते फोडणाऱ्याला देहदंड! इ.स.पू. 415 मध्ये सेनापती अल्किबियाडीसवर घरगुती मैफलीत या विधीची नक्कल केल्याचा आरोप आला. तो पळाला, आणि शिक्षा त्याच्या पाठीमागे सुनावली गेली.

ऑगस्टसच्या काळात झार्मारोस नावाच्या एका हिंदी माणसानेही ही दीक्षा घेतली आणि नंतर अथेन्समध्ये स्वतःला आगीत झोकून दिलं, असं इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. सम्राट आला होता म्हणून तेव्हा विधी अवेळी उरकला, हेही तोच सांगतो.