चवडा दुखतो, बोट ठणकते

श्रोतेहो, डोके दुखू लागले की आपण घरभर सांगतो. दात ठणकला की दुसऱ्या दिवशी तालुक्याची वाट धरतो. पण पायाचे बोट दुखले तर? तर आपण म्हणतो, "हे कसलं दुखणं! चालता चालता होईल बरं." आणि चालत राहतो. आता, जे दुखणे चालण्याने वाढते ते चालण्याने बरे कसे व्हायचे? नांगरामागे चालणारा, डोक्यावर भारा वाहणारी, वर्गात दिवसभर उभा राहणारा, या सर्वांची रोजी पायावर उभी असते. म्हणून पावलाचा पुढचा भाग, ज्याला आपण चवडा म्हणतो, तो आणि त्याची पाच बोटे का दुखतात, आणि घरच्या घरी काय करता येते, हे आज समजून घेऊ.

आधी पावलाची रचना पहा. एका पावलात २६ हाडे असतात. त्यांपैकी १४ बोटांची: अंगठ्यात २ आणि बाकीच्या चार बोटांत प्रत्येकी ३. या बोटांच्या मागे ५ लांब हाडे असतात, आणि त्यांची पुढची टोके जिथे टेकतात तोच आपला चवडा. उरलेली ७ हाडे घोट्याकडची आणि टाचेची. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, वाटाण्याएवढी दोन जादा हाडेही असतात. पाऊल उचलताना टाच आधी सुटते आणि क्षणभर सगळ्या देहाचा भार चवड्यावर येतो. दिवसातून हजारो वेळा हे घडते. त्यात डोक्यावर ओझे असेल, वाट दगडाची असेल किंवा तासन् तास चवड्यावर बसून खुरपायचे असेल, तर तो भार आणखी वाढतो.

पाय दुखला की पहिले काम औषध शोधण्याचे नव्हे, दुखते कुठे ते शोधण्याचे. उजेडात बसा, पाय स्वच्छ धुऊन पुसा, आणि दोन्ही पावले शेजारी ठेवून पहा. सूज आहे का, लाली आहे का, बोटांच्या बेचक्यात काही आहे का, नखाचा कोपरा मांसात गेला आहे का? मग एका बोटाने दाबत जा. नेमक्या जागी दुखले की निम्मे निदान झाले असे समजा.

सर्वांत साधी कारणे कातडीची आणि नखांची. पावसाळ्यात भातलावणीला उतरलेल्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, फाटते, खाज सुटते आणि मग आग होते. बहुधा हा बुरशीचा रोग असतो, आणि ओल हे तिचे खतपाणी. काम संपले की पाय साबणाने धुवावेत आणि प्रत्येक बेचका जुन्या सुती फडक्याने कोरडा करावा. पुष्कळ जण पाय धुतात, पण बेचके पुसत नाहीत, तिथेच चुकते. बुरशीवर क्लोट्रिमाझोलसारखे मलम मिळते. ते खाज थांबल्यावरही वैद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे, कारण खाज थांबली म्हणजे बुरशी गेली असे नाही.

दुसरे नखुरडे. अंगठ्याचे नख कोपऱ्यात गोल आणि खोल कापले की वाढताना त्याचे टोक बाजूच्या मांसात रुतते. मग ती बाजू लाल होते, ठणकते, पू धरते. सुरुवातीलाच कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे पाय बुडवावा, नंतर कोरडा करावा, आणि सैल चप्पल घालावी. पू झाला, लाली पसरू लागली, तर घरी टोचाटोची न करता दवाखाना गाठावा. आणि पुढच्या वेळेसाठी एक नियम: पायाची नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे कोरू नयेत.

तिसरे म्हणजे घट्टा आणि कुरूप. कातडीवर रोज दाब पडला की ती स्वतःला वाचवण्यासाठी जाड होते, तो घट्टा. तोच दाब एका टिंबावर पडला की आत कठीण बी तयार होते आणि खडा टोचल्यासारखे दुखते, ते कुरूप. म्हणजे दोष कातडीचा नाही, दाबाचा. दाब तसाच ठेवून कुरूप कापले तर ते पुन्हा येणारच. पाय पाण्यात भिजवून वजरीने हलक्या हाताने घासावा, तेल किंवा मलम लावावे, आणि चपलेचा कोणता भाग तिथे लागतो ते शोधावे. कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्या दुकानात मिळतात. त्यांत कातडी विरघळवणारे आम्ल असते. मधुमेह असणाऱ्याने किंवा पाय बधिर असणाऱ्याने त्या लावू नयेत.

येथे आपल्या गावाकडच्या काही उपायांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. काटा मोडला, कुरूप झाले की बिबा तापवून त्याचा चटका द्यायचा किंवा रुईचा चीक सोडायचा, ही जुनी रीत. बिब्याचे तेल कातडी भाजते. त्याने फोड येतात, जखम होते, आणि मूळ दुखण्यापेक्षा ती जखम बरी करणे अवघड होऊन बसते. रुईचा चीक चुकून डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. दाढीच्या पात्याने कुरूप खरवडणे हेही तसेच. काटा वर दिसत असेल तर उकळून घेतलेल्या सुईने काढावा. खोल असेल तर डॉक्टरकडून काढून घ्यावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी विचारावे.

आता ठेच. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपण म्हणतो, पण ज्याला लागली त्याने काय करायचे? पाय उंचावर ठेवावा. थंड पाण्यात भिजवलेले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, दिवसातून तीन-चार वेळा. बोट सुजले पण सरळ असेल, तर त्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये थोडा कापूस ठेवून दोन्ही बोटे चिकटपट्टीने सैलसर बांधावीत. शेजारचे बोट त्याचा आधार होते. मात्र अंगठाच मोडल्यासारखा वाटला, बोट वाकडे झाले, थंड किंवा निळे पडले, जखमेतून हाड दिसले, किंवा त्या पायावर चार पावलेही टाकता येईनात, तर घरी थांबू नये. आणि आयाबहिणींनो, बोटाला मार लागला की सर्वांत आधी जोडवी काढा. सूज चढली की जोडवे बोटात रुतते आणि रक्त अडते. सवाष्णीने जोडवे काढू नये असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. पण बोट बरे झाल्यावर जोडवे पुन्हा घालता येते, गेलेले बोट परत येत नाही. हे समजावून सांगायचे काम गावातल्या शिक्षिका आणि आशाताई चांगले करू शकतील.

काही दुखणी कातडीवर दिसत नाहीत. चवड्याच्या मध्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी दुखते, दिवस मावळेपर्यंत वाढते, बसले की थांबते. हे बहुधा भाराचे दुखणे. पातळ तळव्याची झिजलेली चप्पल, उंच टाचेची पादत्राणे, अंगाचे वाढलेले वजन, आखडलेली पोटरी ही त्याची नेहमीची कारणे. कधी तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये आग होते, बोटांत मुंग्या येतात, आणि चपलेत खडा आहे असे वाटते, पण चप्पल झटकली तर खडा नसतोच! तिथे बोटांकडे जाणारी मज्जा दाबाने जाड झालेली असते. फिलाडेल्फियाच्या टॉमस मॉर्टन या शल्यवैद्याने १८७६ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याचेच नाव त्याला पडले आहे. दोन्ही दुखण्यांवर पहिला उपाय एकच: पुढे रुंद, तळवा जाड आणि मऊ, टाच कमी उंचीची असे पादत्राण. चपलेत मऊ गादी घालायची तर ती दुखऱ्या जागेखाली नको. तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला ठेवावी, म्हणजे भार उचलला जातो. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे सरळ, टाच जमिनीला, अशी पोटरी अर्धा मिनिट ताणावी. असे दोन्ही पायांनी तीन-तीन वेळा रोज करावे. बोटांनी जमिनीवरचे फडके गोळा करणे हाही चांगला व्यायाम आहे. घरातली लहान मुले तो आनंदाने करतील!

आता शिक्षकबंधूंनी विशेष लक्ष द्यावे असे एक दुखणे. मुले पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी अचानक रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. तीन-चार आठवड्यांत एकाचा पाय चवड्याच्या वरच्या बाजूला सुजतो, एका हाडावर दाबले की कळ येते. मार कुठे लागलेला नसतो. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ साली कूच करणाऱ्या सैनिकांच्या अशा सुजलेल्या पावलांची नोंद केली होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा, त्यामुळे ही हाडाला पडलेली बारीक चीर आहे हे त्यानंतर कळले. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्रातही ती पुष्कळदा दिसत नाही. म्हणून "फोटोत काही नाही, धाव!" असे म्हणू नये. सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवले तर चीर बहुधा सांधते, न ठेवले तर हाड पुरते मोडते आणि मुलाची भरतीच हातची जाते. धावण्याचे अंतर हळूहळू वाढवावे, मातीच्या मैदानावर धावावे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांनीही आधी महिनाभर रोज थोडे थोडे चालण्याचा सराव करावा, आणि वारीत नवी कोरी चप्पल घालू नये.

रात्री निजलेला माणूस पहाटे अंगठ्याच्या मुळाशी आग लागल्यासारखे होऊन जागा होतो. सांधा लालबुंद, गरम. गोधडीचा स्पर्शही सोसवत नाही. आयुर्वेदातील वातरक्ताशी या विकाराचे पुष्कळ साम्य आहे. रक्तातले युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, म्हणून हे होते. पुरुषांत आणि उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांत हे अधिक आढळते. अशा सांध्याला चोळू नये, ओढू नये, शेकू नये. पाय उंच ठेवावा, थंड फडके ठेवावे, पाणी भरपूर प्यावे, आणि डॉक्टरकडे जावे. सांध्यात पू झाला तरी असेच दिसते, म्हणून ताप असेल तर त्याच दिवशी जावे. दुकानातून वेदनाशामक गोळ्या मनाने आणून खाऊ नयेत. मूत्रपिंडाचा किंवा पोटातील व्रणाचा विकार असेल तर त्या घातक ठरतात. दारू सोडावी, काळीज-कलेजी, मटण, तारली यांना आवर घालावा. डाळी आणि पालक मात्र पुष्कळ जण भीतीने सोडून देतात, त्याची सहसा गरज नसते.

आतापर्यंत दुखण्याविषयी बोललो. पण श्रोतेहो, सर्वांत मोठा धोका न दुखणाऱ्या पायाचा आहे. मधुमेह बरीच वर्षे राहिला की पायाची संवेदना जाते. कुष्ठरोगातही जाते. चपलेतून खिळा वर आला तरी त्या माणसाला कळत नाही. तो दिवसभर त्यावरच चालतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले. कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना न कळल्यामुळे जखमा होतात, त्या चिघळतात, आणि त्यातून बोटे जातात. म्हणून तेथे मऊ रबरी तळव्याची पायताणे बनवण्यावर भर दिला गेला. वेदना ही शत्रू नव्हे, राखणदार आहे. राखणदार झोपला की घर लुटले जाते.

राखणदार जागा आहे की नाही, हे घरीच पाहता येते. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एकेकदा एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. प्रत्येक वेळी त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणावे. दोन किंवा अधिक बोटांचा स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली आहे असे समजून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळीच घेतले तर रोग बरा होतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. अशा पायांनी अनवाणी फिरू नये, पाय गरम पाण्यात किंवा शेकोटीपाशी ठेवू नये, चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा, आणि रोज रात्री तळवे पहावेत. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. जखम दिसली, ती दुखत नसली, तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना.

शेवटी पादत्राणाविषयी. चप्पल-बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. घरातून निघताना कागदावर उभे राहून पावलाची रेघ ओढावी आणि तो कागद दुकानात नेऊन जोड्यावर ठेवून पहावा. कागद बाहेर डोकावला तर तो जोडा आपला नव्हे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा असावी. हा कागदाचा प्रयोग गुरुजींनी वर्गात जरूर करावा. थोरल्या भावाचा घट्ट बूट धाकट्याच्या पायात किती जणांच्या आहे, ते तासाभरात कळेल, आणि खेळाच्या तासाला मागे बसणाऱ्या एखाद्या मुलाचे खरे कारणही कळेल.