जुळतं म्हणजे खरं असतं का?

मंडळी, सायखेड्यात पुलाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पलीकडे चांदोरी, अलीकडे आपण. पूल नवा बांधला तरी गावं जागेवरच राहतात. संगणकातही असंच. वाचनालयाची पुस्तकसूची डेटाबेसमध्ये, ती दाखवणारा प्रोग्राम वेगळा, आणि मधला पूल म्हणजे 'क्लायंट लायब्ररी'.

पीएचपी भाषेतला मायएसक्यूएलसाठीचा जुना पूल २०१३ साली ५.५ आवृत्तीत कालबाह्य ठरवला गेला. डिसेंबर २०१५ च्या ७.० मधून तो काढूनच टाकला. मग मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरणं भाग पडलं. फंक्शनांची नावं बदलली की झालं, असं वाटतं. पण मजकूर मराठी असेल तर खरी परीक्षा पुढेच.

बघा, 'क' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. जुन्या मायएसक्यूएलची ठरलेली समजूत मात्र लॅटिन-१ ची, म्हणजे एक बाइट, एक अक्षर. जोडणीचीही तीच समजूत. साठवताना जी चूक, तीच वाचताना. म्हणून पडद्यावर 'क' बरोबर उमटायचा. फक्त पन्नास अक्षरांच्या रकान्यात मराठी, काना-मात्रा धरून, सोळाच मावायची आणि लांब नावं तुटायची.

विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त याला नाव आहे: संवादी भ्रम. मण्याच्या प्रभेलाच मणी समजून धावणाऱ्याला मणी मिळतो, दिव्याच्या प्रभेला मणी समजणाऱ्याला मिळत नाही. भ्रम मात्र दोघांचाही. काम झालं म्हणून ज्ञान खरं ठरत नाही.

आता नवी जोडणी खरं सांगते: मी यूटीएफ-८ बोलते. सर्व्हर प्रत्येक बाइटचं इमानदारीने भाषांतर करतो आणि पडद्यावर अगम्य चिन्हं येतात. घाबरू नका, मूळ बाइट शाबूत आहेत. धोका लिहिण्यात आहे, बरं का. सर्व्हर काटेकोर नसेल, तर नव्या मराठी नोंदीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात. त्यांतून मूळ नाव परत मिळत नाही.

म्हणून क्रम पाळा. नोंदी थांबवा, प्रत काढा. त्या प्रतीवर रकाना आधी बायनरी करा, म्हणजे बाइट तसेच राहतील आणि चुकीचं लेबल तेवढं निघेल. मग तो यूटीएफ-८एमबी४ करा. थेट बदललात तर चूकच पक्की होते. शेवटी काही नावं कागदी दाखल नोंदवहीशी ताडून पाहा. पडद्याची साक्ष पडद्यालाच विचारून चालत नाही.