एजॅक्स एक नव्हे, दोन

ट्रॉयच्या देवळात अथेनाच्या मूर्तीला बिलगलेल्या कॅसांड्राला ओढून काढणारा आणि पुढे तलवारीवर अंग टाकून जीव देणारा एजॅक्स एकच, असे अनेकांना वाटते. दोन्ही प्रसंग ग्रीक पुराणकथांतले आहेत, माणसे मात्र वेगवेगळी. ज्याच्यावर आधीच अन्याय झाला, त्याच्याच माथी दुसऱ्याचे पाप मारले जाते, हे फार खटकते.

आपल्याकडे नावामागे वडिलांचे नाव येते, तसाच होमरही बहुतेकदा बापाचे नाव सांगून ओळख पटवतो. टेलामनचा मुलगा थोरला एजॅक्स सॅलमिसचा. धिप्पाड देह, बैलाच्या सात कातड्यांची बुरुजासारखी ढाल. ट्रॉयच्या हेक्टरशी त्याचे द्वंद्व रात्र पडल्यामुळे थांबले, तेव्हा हेक्टरने त्याला तलवार भेट दिली. अकिलीसच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे ओडिसियसला मिळाली. तो अपमान एजॅक्सला सोसवला नाही. सोफोक्लीसच्या नाटकात भ्रमिष्ट होऊन तो शत्रू समजून गुरेच कापतो आणि भानावर आल्यावर हेक्टरच्याच तलवारीने आयुष्य संपवतो. हा शेवट ‘इलियड’मध्ये आहे, हाही एक गैरसमज; ते महाकाव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशीच थांबते. ‘ओडिसी’त मात्र पाताळात ओडिसियस त्याची समजूत काढू पाहतो, तर हा एक शब्दही न बोलता निघून जातो.

धाकटा एजॅक्स ओइलियसचा मुलगा, लोक्रिसचा. दोघे रणात खांद्याला खांदा लावून लढतात, पण ते भाऊ नव्हेत. धाकट्याला किरकोळ समजणेही चूक: त्याची जहाजे 40, थोरल्याची 12. अंगात तागाचे चिलखत, पायांत वारा, भालाफेकीत तरबेज. अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या स्मरणार्थ झालेल्या शर्यतीत तो पुढे असताना शेणावर घसरला. दुसऱ्या क्रमांकाचा बैल शिंगाला धरून, तोंडातले शेण थुंकत त्याने अथेनाला दोष दिला. कॅसांड्राबाबतचा अपराध याचाच. परतीच्या प्रवासात पोसायडनने त्याला खडकावर वाचवले. देवांना न जुमानता वाचलो, अशी बढाई मारताच त्याच देवाने खडक फोडून त्याला बुडवले.

क्रिऑन या नावाचाही असाच घोळ होतो. ‘अँटिगनी’ नाटकातला क्रिऑन थीब्जचा राजा, तर ‘मीडिया’ नाटकातला कॉरिंथचा. दुसरा लेकीला कवटाळताना तिच्या विषारी वस्त्रामुळे मरतो; पहिला मुलगा आणि बायको गमावून जिवंत उरतो. त्या बायकोचे नाव युरिडिसी, पण ऑर्फियसची युरिडिसी ती वेगळीच.