पॉलिशचे दुसरे मशीन घेताना

गॅरेजमधील बफिंगच्या कामावर हात बसवून पुढे गाड्या चमकावण्याचा स्वतंत्र धंदा थाटणारे तरुण आता गावोगावी दिसतात. सिरॅमिक कोटिंग लावण्यापूर्वी रंगावरचे ओरखडे काढावेच लागतात, म्हणून पॉलिश हेच या धंद्याचे मूळ काम. पहिले मशीन चार पैसे मिळवून देऊ लागले, की दुसऱ्याचा विचार सुरू होतो. मग दुकानात जाऊन "याहून मोठे दाखवा" असे सांगितले जाते. आमच्या मते ही मागणीच चुकीची आहे. पहिले मशीन गाडीच्या कोणत्या भागावर अडते, ते आधी पाहावे.

मशीनचे मुख्य प्रकार दोन. रोटरीचे पॅड एकाच आसाभोवती फिरते, मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे. खोल ओरखडे आणि रंगकामानंतरचे पेपरचे घासे ते झपाट्याने काढते. मात्र उष्णता एका जागी साठते, आणि हात कच्चा असेल तर उन्हात बोनेटवर होलोग्राम दिसू लागतात. दुसरा प्रकार ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए. याचे पॅड फिरता फिरता झोकेही घेते. या झोक्याला थ्रो म्हणतात. तो ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असतो. काम थोडे सावकाश होते, पण रंग जपला जातो.

रंग जपणे ही हौसेची गोष्ट नव्हे. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. कडेवर तो आणखी कमी असतो. एकदा तो गेला, की पॉलिशने परत येत नाही. पॅनेल रंगवून द्यावे लागते, आणि त्या एका गाडीत महिन्याची कमाई जाऊ शकते.

म्हणून ज्यांच्याकडे रोटरी आहे त्यांनी दुसरे मशीन डीएच घ्यावे. १५ मिलिमीटर थ्रो आणि पाच इंची प्लेट बहुतेक कामांना पुरते.

ज्यांच्याकडे असे डीए आधीच आहे, त्यांचा मोह २१ मिलिमीटरकडे असतो. मोठ्या गाडीचे छत आणि बोनेट त्यावर लवकर उरकते, हे खरे. पण वळणावर मोठे पॅड फिरायचे थांबते आणि नुसते थरथरत राहते. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली नाही, तर काम होत नाही असे समजा. कारागीर अशा वेळी जोर लावतो, त्याने पॅड अधिकच अडते. खांब, आरशाची टोपी, हँडलमागची वाटी, बंपरचे कोपरे इथेच निम्मा दिवस जातो. तिथे तीन इंची लहान मशीन हवे. ते महिनाभरात आपली किंमत दाखवते, असे आम्हाला वाटते. बंपर प्लास्टिकचा असल्याने तिथे उष्णता लवकर पसरत नाही. वेग कमीच ठेवावा.

दोन पक्के कारागीर असतील आणि गाड्या रांगेत उभ्या राहत असतील, तर मात्र पहिल्यासारखेच दुसरे मशीन घेण्यात गैर काही नाही. पॅड, प्लेट, कार्बन सगळे एकच चालते.

परदेशातून नातलग मशीन आणून देतो म्हणाले, तर आधी व्होल्ट विचारावे. दुबईचा वीजपुरवठा आपल्यासारखाच, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेचे १२० व्होल्टचे मशीन आपल्याकडे सरळ लावले, तर जळते. शिवाय वॉरंटी इथे चालेल का, कार्बन नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या शहरात मिळतील का, हेही पाहावे. मशीन चार दिवस बंद पडले, तर स्वस्तात मिळाल्याचा फायदा तिथेच संपतो.

मशीनच्या किमतीत पॅडचा खर्च आधीच धरावा. लहान मशीनला मोठ्याचे पॅड चालत नाहीत. कटिंगचे आणि फिनिशिंगचे वेगळे संच लागतात. आणि जीएसटी नोंदणी असेल, तर बिल धंद्याच्या नावाने व नोंदणी क्रमांकासह घ्यावे, म्हणजे भरलेला कर वळता करून घेता येतो.